नवसाचा कोंबडा

कोंबड्याला मांडीत घट्ट धरून मी त्याचा सुजलेला पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला. तळव्यावरची काळी खपली सैल झाली, तशी चिमट्याने काढली. आत घट्ट पू होता.

ओट्यावर चहा पीत बसलेल्या नवऱ्याने विचारलं, "जत्रेपर्यंत बरो होतलो मां? लंगडो कोंबो देवाक चलाचो नाय."

माझी कानशिलं तापली. पिल्लू असताना याला मुंगसाच्या तोंडातून सोडवला मी. मोटारसायकल सापडू दे म्हणून नवस बोलले हे, तेही मला न विचारता. आणि ती काय चोरीला गेली होती? बारच्या मागे लावून स्वतःच विसरले होते! आता बरा करायचा मी, कापायचा यांनी.

रोज हळद लावून मी जखम भरून आणली. जत्रेच्या सकाळी कोंबडा अंगणात ऐटीत धावत होता. मी त्याला पकडला आणि बऱ्या झालेल्या पायावर जाडजूड पट्टी बांधली. सोडल्यावर तो पाय उचलत, लंगडत निघाला.

"हो अजून लंगडता?" सुरी धुता धुता हे कोंबड्याकडे बघत ओरडले.

"लंगडतलोच," मी म्हटलं. "देवाक तुमची मोटारसायकल परत देवन टाका."