दुसरा निळा शर्ट

महांतेशकडं कारखान्याच्या नोकरीतले दोन निळे शर्ट उरले होते. एक त्याच्या बायकोनं, नीलम्मानं घेतला. मक्याची पानं हातांना कापतात म्हणून शेतात जाताना ती तो साडीवर चढवायची. दुसरा गेला बुजगावण्याला. पण राघू असले बेरकी, की त्या बुजगावण्याच्याच डोक्यावर बसून कणसं सोलायचे.

वैतागून त्यानं गडहिंग्लजहून छर्‍याची बंदूक आणली. रोज सकाळी बांधावरनं पहिला छर्रा बुजगावण्याच्या डोक्यात मारून नेम तपासायचा आणि मग राघूंची वाट बघत बसायचा.

आजही त्यानं बंदूक खांद्याला लावली. धुक्यात, मक्याच्या वर, निळे खांदे आणि फडकं गुंडाळलेलं डोकं. बोट चापावर गेलं.

तेवढ्यात राघूंचा थवा आला, बुजगावण्याजवळ पोचला आणि कलकलाट करत एकदम उलटा फिरला.

बोट तिथंच थिजलं. 'आयला, ह्याला कवापासनं भ्यायला लागलं हे?'

बुजगावण्यानं मान वळवली.



"अवो, रातच्या वाऱ्यानं बुजगावणं आडवं झालंय की हे! नुसतं बघत काय बसलायसा, या की हात लावायला!"