एका ओळीत

सोमवारी सकाळी शब्दांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ‘लीव्ह’ नेमका बाईंच्या वाट्याला आला. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या त्या कचेरीतला हा जुना नियम. सोपे शब्द कुणी आधीच पळवू नयेत म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल त्या शब्दाची नोंद मुकाट्याने लिहायची.

चिठ्ठी उघडताच सगळ्यांनी माना आपापल्या कागदांत घातल्या. बाईंचा नवरा एके दिवशी काही न सांगता, बाईंना आणि दोन मुलींना टाकून निघून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. दारावर मात्र अजून त्याच्याच नावाची पाटी होती. आज सकाळीही थोरलीने विचारलं होतं, “आई, पाटी बदलू या का?” बाई म्हणाल्या होत्या, “राहू दे गं.” पाटी काढली आणि तो परत आला, तर दार कसं ओळखेल, अशी त्यांच्या मनात वेडी धास्ती होती. मुलींसमोर हे बोलायची सोय नव्हती.

समोरच्या टेबलावरचे टक्कलवाले सहकारी हळूच म्हणाले, “बाई, माझं ‘लेमन’ घ्या. पिवळं, आंबट, संपलं काम.”

“नियम म्हणजे नियम,” म्हणत बाईंनी चष्मा पुसला आणि जाडजूड कोश पुढ्यात ओढले.

दुपारपर्यंत त्यांनी शब्दाची पाळंमुळं खणून काढली. रजेचं ‘लीव्ह’ निराळ्याच घराण्यातलं निघालं, ‘लव्ह’च्या भाऊबंदांतलं.

“तरीच,” सहकारी म्हणाले, “रजेवर माझा एवढा जीव.”

बाईंनाही हसू आलं. मग त्या दुसऱ्या ‘लीव्ह’कडे वळल्या. सोडून जाणे हा त्याचा अर्थ मागाहून आलेला. मुळात अर्थ होता मागे राहू देणे, आणि नातं होतं ‘लाइफ’शी. ती ओळ बाईंनी पुन्हा एकदा वाचली. इतकी वर्षं त्यांचं सगळं लक्ष जाणाऱ्याकडेच लागलं होतं.

संध्याकाळी संपादकांनी कागद वाचला. ‘उरणे’ या अर्थापुढे बाईंनी उदाहरण दिलं होतं: तो निघून गेल्यावर घरात आम्ही तिघी उरलो.

उदाहरण एका ओळीत बसलंच पाहिजे, हा कचेरीचा दुसरा नियम. एरवी स्वल्पविरामासाठीही भांडणारे संपादक घुटमळले. “राहू द्या बाई. या वेळी दोन ओळी चालतील.”

“कशाला?” बाईंनी कागद ओढून घेतला आणि पहिले तीन शब्द खोडले. “घरात आम्ही तिघी उरलो. बसलं की.”

बाईंनी फोन उचलून थोरलीला लावला.

“अगं, ती नवी पाटी करायला टाक.”

“नाव कुणाचं घालू?”

“आपल्या तिघींची घाल. आणि पाटीवाल्याला सांग, एका ओळीत बसव म्हणावं.”