मालकांच्या गोळ्या

“मालकांचं कसं हाय आता?” बब्रुवाननं काउंटरच्या आतून विचारलं.

“हाईत तसंच,” कुलसुमबी बाकावर टेकत म्हणाली. तिनं तोंडावरचा पडदा वर केला नाही. ती कधीच करत नसे.

दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं ती उमरग्याहून लोहाऱ्याला येई, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची एक पुडी घेई आणि दुपारच्या गाडीनं परत जाई. उमरग्यात गोळी मिळत नव्हती असं नाही. पण तिथं मिळायची ती कंपनीची, आणि ती परवडायची डॉक्टरांना नाहीतर मामलेदारांना. बब्रुवानकडची गोळी मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात बने. औषध तेच, गुण तोच, किंमत चौथाई. फक्त ती विकायला कोर्टाची मनाई होती. त्या औषधाचं पेटंट मोठ्या कंपनीचं. दुसऱ्या कुणी ते बनवायचं नाही आणि विकायचंही नाही.

बब्रुवान विकत होता. त्याची बायको द्वारकाबाई याच आजारानं गेली. कंपनीची गोळी तिनं चार महिने घेतली, पाचव्या महिन्यात त्याला ती आणणं झेपलं नाही. तेव्हापासून तो दुकानामागच्या खोलीत एकटा राही, स्वतःपुरती भाकरी थापी आणि तीही अर्धी टाकून देई. आसपासच्या गावांतली तीस-बत्तीस माणसं आता त्याच्या गोळीवर जगत होती. त्यांची गोळी थांबू द्यायची नाही, एवढंच काम त्याला उरलं होतं.

अनोळखी माणसाला तो दाद देत नसे. पण कुलसुमबी पहिल्यांदा आली, “मालकांसाठी पायजे” म्हणून खाली बघत उभी राहिली, आणि त्याला पुढं काही विचारवलं नाही. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई त्याला नवीन नव्हती. द्वारकाबाईनंही त्याला जन्मभर ‘मालक’च म्हटलं होतं.

“गोळी येळंवर घेत्यात न्हवं?” आज त्यानं विचारलं.

“जपून ठिवत्यात. कवा घेत्यात, मला दिसत न्हाय.”

“आन् चहात साखर?”

“दोन चमचे लागत्यात.”

“मग गोळीचा काय उपेग? सांगा की त्यास्नी.”

“म्या कसं सांगू? मालक हाईत ते.”

बब्रुवानला हसू आलं. द्वारकाबाई खुशाल सांगायची, वर भांडायचीही. किती तरी दिवसांत तो असा हसला नव्हता.

“पुडीवर लिवून द्या म्हनलेत,” कुलसुमबी म्हणाली. “गोळीचं नाव, तारीख, खाली तुमची सही. त्यांच्या ध्यानात राहत न्हाय.”

या गोळ्यांच्या पुड्या तो कोऱ्याच देई. पण विसराळू माणसानं चुकून दोनदा गोळी घेतली, तर साखर एकदम उतरून जीवावर बेतायचं. त्यानं टाक उचलला आणि वळणदार अक्षरात सगळं लिहून दिलं. पुढच्या गुरुवारी दिलं, त्याच्या पुढच्याही.

गुरुवार आला की तो आता दाढी करू लागला होता. बाकावरची धूळ आधीच पुसून ठेवी. बोलणं असं कितीसं व्हायचं? पण ती गाडीची वाट बघत बसली की दुकानात कुणीतरी आहे असं वाटे, आणि ती गेली की संध्याकाळ फार लांबे.

एकदा ती म्हणाली, “माल कुठनं येतो, इचारत हुते मालक. बंद पडंल का म्हून घोर लागलाय त्यास्नी.”

हे बब्रुवान कुणाला सांगत नसे.

“सोलापूरच्या गाडीनं येतो, दर मंगळवारी. वीरभद्र कंडक्टर आणतो. घोर करू नका म्हणावं,” तो म्हणाला. कुणाला तरी आपला भरवसा वाटतो, याचंच त्याला बरं वाटलं होतं.

पुढच्या मंगळवारी वीरभद्र रिकाम्या हातानं उतरला. पेटी सोलापुरातच जप्त झाली होती.

गुरुवारी सकाळी दुकानासमोर जीप थांबली. कोर्टाच्या माणसानं हुकूम वाचून दाखवला आणि फडताळं उपसायला सुरुवात केली. कंपनीचा उमरग्याचा एजंट, कोट घातलेला एक टापटीप गृहस्थ, जीपला टेकून बघत होता. बब्रुवान त्याला पहिल्यांदाच पाहत होता. आपलं नाव यांना कुणी दिलं असेल, हे त्याला काही केल्या उमगेना.

गडबडीत एक पुडी तेवढी त्यानं कोपरीच्या खिशात सरकवली.

तेवढ्यात बलभीम आला. त्याची आई धुरपदाबाई दोन वर्षं याच गोळीवर होती.

“एक पुडी तरी, बब्रुवानकाका? आईची काल संपली.”

“न्हाय रे. एक बी न्हाय.”

आपल्या पेशंटशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. बलभीम मान खाली घालून गेला, तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. पण ती बाई इतक्या लांबून येणार आणि मोकळ्या हातानं परत जाणार, हे त्याच्यानं बघवलं नसतं.

एस.टी. आली. कुलसुमबी उतरली. बब्रुवान रस्त्यातच तिला आडवा गेला आणि सगळ्यांकडं पाठ करून पुडी तिच्या हातात दिली.

“ही शेवटची. मालकांना म्हणावं, पुरवून घ्या. मी आणखी कुठं मिळती का बघतो.”

“व्हय,” ती म्हणाली.

मग ती रस्ता ओलांडून सरळ जीपपाशी गेली आणि कोटवाल्यापुढं अदबीनं थांबली.

“मालक, आजची पुडी,” ती म्हणाली.