हळदीचे वर्तुळ

सन १९६५ साली पालघरच्या एका औषधशाळेत कमलाकांताने स्पिरिटमध्ये उतरविलेला हळदीचा अर्क जंतूंच्या बशीत घातला. त्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटले.

"पुन्हा उमटले, तर मुंबईच्या परिषदेस तूच जाशील," असे साहेब वदले.

मत्सराने दग्ध झालेला सहकारी एकनाथ याने तो अर्क गुपचूप मोरीत ओतला व बाटलीत नुसते स्पिरिट भरून पिवळा रंग कालविला.

तरीही वर्तुळ तेवढेच उमटले!

"एकनाथ, आमी चाललो मुंबईला. तू बशा धुवत बस!" कमलाकांत हसला.

जंतू स्पिरिटनेच मरतात, हे एकट्या एकनाथास उमगले. परंतु सांगावे तर स्वतःचेच कृत्य उघडे पडणार होते.



कमलाकांताच्या गळ्यात हार घालण्याचा मान साहेबांनी एकनाथासच दिला.