चुण्यांची बाजू

सत्तरीच्या मर्डोने आयुष्यातला पहिला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा, घेतला. वापरलेला, वीस पौंडांचा. शनिवारी तो नेसून बेकरीत शिरला आणि काउंटरमागची इशबेल पोट धरून हसत सुटली.

"अहो काका, उलटा नेसलात की! चुण्या मागे हव्यात. घरात कुणी सांगितलं नाही?"

"घरात मी एकटाच," म्हणत मर्डोने मांडलेल्या पावांतला एक छोटा पाव दाखवला.

हाताचं पीठ पुसत इशबेल बाहेर आली. बक्कल सैल करून तिने किल्ट फिरवला, काठ गुडघ्याच्या वाटीवर आणला, पट्टा आवळला. "हं! आता कसे नवरदेव शोभताय!" म्हणत तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या शनिवारी मर्डोने आरशासमोर किल्ट अगदी नीट नेसला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि चुण्या पुन्हा पुढे फिरवून बेकरीकडे निघाला.