दोन थापा

सरांच्या जिममध्ये ज्युदो शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला जायचा: जोडीदारानं अंगावर दोन थापा मारल्या, की त्याला आता सोसवत नाही असं समजायचं आणि त्याच क्षणी पकड सोडायची. एकदा त्यांच्या मुलानंच जिंकायच्या भरात सोडायला उशीर केला, तर त्यांनी त्याला महिनाभर मॅटवर पाय ठेवू दिला नाही.

दारापाशी पोरांच्या कमरपट्ट्यांना टाके घालत बसलेली त्यांची बायको म्हणाली, "अहो, पोरगं आहे. जरासा तर उशीर झाला."

"ज्याला वेळेवर सोडता येत नाही, त्यानं धरूच नये," सर म्हणाले.

आज ती दवाखान्यात खाटेवर होती आणि तिसऱ्या ऑपरेशनचा कागद उशाशी सहीसाठी थांबला होता. सरांनी तिचा हात दोन्ही हातांत गच्च धरला.

"एवढं एकच ऑपरेशन. चाळीस वर्षं मला झेललंस, त्यापुढे हे काय अवघड आहे तुला?"

ती हसली. बोलायला श्वास पुरत नव्हता. सुईनं खरखरीत झालेली मोकळ्या हाताची बोटं उचलून तिनं त्यांच्या मनगटावर हलकेच थाप मारली. मग आणखी एक.

 

सरांनी पकड घट्ट केली. म्हणाले, "अशी नसते गं थाप. मला कळलीच नाही."