श्वासापुरतं थांबणं

वस्तीचे मोर्चे काढणाऱ्या ताई वारल्यानंतरचा हा पहिलाच मोर्चा होता. खेळाचं मैदान वाचवायचं होतं आणि मी मुलांकडून घोषणेची तालीम करून घेत होतो. “मैदान आमचं...” म्हणून पोरं थांबायची, मग “आम्हालाच हवं!” “अरे, मध्येच गाडी का बंद पडते? सलग म्हणा!” सगळ्यांत धाकटीनं मुठीतला ताईंचा दम्याचा रिकामा पंप दाखवला. “आजोबा, तिथं ताई पंप ओढतात.” खरंच की! ताईंना जन्माचा दमा. त्यांनी घोषणा शिकवली तीच धाप सांभाळत. “मग तसंच म्हणा,” मी म्हटलं. दुपारी मोर्चा पालिकेच्या कचेरीवर गेला, तेव्हा तिथले साहेब फाटकापाशी आले. “मैदान आमचं...” मुलं थांबली, मोठेही थांबले. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं आणि आपणहून मिटलं. ताईंचं वाक्य पुरं होईतो थांबायची त्यांनाही सवय होती. धाकटीनं पंपाकडे पाहिलं. “झालं ताईंचं,” ती म्हणाली. आणि आम्ही सगळे ओरडलो, “आम्हालाच हवं!”